डोंगराची कैफियत घेऊन राजधानीकडे

श्रोतेहो, आपल्या गावची शाळा क्षणभर डोळ्यांपुढे आणा. पुढे पटांगण, कोपऱ्यात झाड, आणि आत दोनशेच्या आसपास मुले. आता असे समजा, की शाळेच्या भिंतीपासून जेमतेम सत्तर मीटरवर सिमेंटची एक प्रचंड कणगी उभी आहे. पण तिच्यात जोंधळा नाही, दगडी कोळसा भरलेला आहे. तो रेल्वेच्या वाघिणींत भरताना भुकटी उडते. आणि शाळेच्या वरच्या अंगाला, चारशे वारांवर, ३८५ फूट उंचीचे एक धरण आहे. त्या धरणात पाणीही नाही. कोळसा धुतल्यावर जो काळा राडा उरतो, तो तिथे साठवलेला आहे. किती? तर सुमारे हजार कोटी लिटर साठवण्याची त्या धरणाला परवानगी आहे.

तुम्ही म्हणाल, असे कुठे असते का? असे होते. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया नावाचे एक डोंगराळ राज्य आहे. तिथल्या कोल रिव्हर या नदीच्या दरीत ही शाळा होती. मार्श फोर्क प्राथमिक शाळा हे तिचे नाव. २००६ साली त्या शाळेतल्या एका मुलीचे आजोबा तिच्यासाठी घरातून निघाले, आणि ७३० किलोमीटर चालत देशाच्या राजधानीपर्यंत गेले. त्यांची हकीकत आज आपल्याला सांगायची आहे. परंतु ते का निघाले हे नीट कळायचे, तर त्या मुलखात डोंगरातून कोळसा काढतात कसा, हे आधी पाहिले पाहिजे.

अमेरिकेच्या पूर्व भागात अपालाचियन नावाची जुनी पर्वतरांग आहे. हिमालयासारखी उंच नाही. आपल्या सह्याद्रीसारखी, झाडीने भरलेली, ओढ्यानाल्यांनी कातरलेली. तिच्या पोटात कोळशाचे थर आहेत. भाकऱ्यांची चवड असावी आणि तिच्यात मधे मधे एखादी काळी भाकरी असावी, तसे हे थर दगडांच्या थरांमध्ये आडवे पसरलेले असतात. पूर्वी डोंगराच्या कुशीला बोगदा पाडून माणसे आत जात आणि ती काळी भाकरी तेवढी ओढून काढत. काम जिवावरचे होते. पण डोंगर उभा राहत असे, आणि हजारो घरांत चूल पेटत असे.

१९७० नंतर तिथे दुसरी रीत वाढीला लागली. काळी भाकरी ओढून काढण्याऐवजी वरच्या सगळ्या भाकऱ्याच उचलून टाकायच्या. म्हणजे डोंगराचा माथाच काढून टाकायचा. ते कसे करतात पाहा. आधी माथ्यावरचे जंगल साफ करतात. मग खडकाला खोल भोके पाडतात, त्यांत अमोनियम नायट्रेट आणि इंधन तेल यांचे मिश्रण भरतात आणि सुरुंग उडवतात. हे अमोनियम नायट्रेट म्हणजे शेतकऱ्यांना ठाऊक असलेल्या नत्रखताच्याच कुळातले. खडक फुटला, की मोठमोठी यंत्रे तो उपसतात. त्यांतले ड्रॅगलाइन नावाचे यंत्र तर एखाद्या उंच इमारतीएवढे असते. एका थराचा कोळसा उचलला, की पुन्हा सुरुंग, पुन्हा उपसा. असे करता करता शेकडो फूट डोंगर खाली येतो.

आता या उपसलेल्या दगडमातीचे काय करायचे? विहीर खणणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. खणलेला मुरूम पुन्हा त्याच खड्ड्यात भरू म्हटले, तर तो मावत नाही. घट्ट बसलेला खडक फुटला की फुगतो, त्याला जागा जास्त लागते. डोंगराचेही तसेच. जी दगडमाती परत माथ्यावर मावत नाही, ती शेजारच्या दरीत लोटून देतात. पण दरी ही काही रिकामी जागा नव्हे. ओढ्याचा उगम तिथेच असतो. उगमच गाडला गेला, तर खालच्या ओढ्याचे काय होणार हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

अमेरिकेच्या सरकारी पाहणीत जो आकडा निघाला, तो असा: १९८५ ते २००१ या काळात त्या भागातले सुमारे ७२४ मैल लांबीचे ओढे अशा भरावाखाली गाडले गेले. म्हणजे साडेअकराशे किलोमीटरांहून अधिक. भरावातून झिरपून जे पाणी बाहेर येते, त्यात फुटलेल्या खडकातले क्षार आणि सेलेनियमसारखी द्रव्ये उतरतात. ती माशांना आणि पाण्यातल्या किड्यांना बाधतात. जानेवारी २०१० मध्ये बारा शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात या विषयावरचे संशोधन एकत्र करून मांडले. त्यांचा निष्कर्ष असा, की हे नुकसान मोठ्या प्रदेशात पसरते आणि मागाहून केलेल्या दुरुस्तीने ते भरून येत नाही.

मग तिथे कायदा नव्हता का? होता. १९७७ साली, कार्टर अध्यक्ष असताना, खाणीनंतर जमीन पूर्वीच्या आकाराला आणली पाहिजे असा कायदा झाला. पण त्याच कायद्यात एक वाट ठेवली होती. सपाट झालेल्या जागेचा पुढे काही चांगला उपयोग करू असे दाखवले, तर डोंगर पुन्हा उभारण्यापासून सूट मिळे. अपवाद म्हणून ठेवलेली ती वाट पुढे हमरस्ता झाली.

आता धरणातल्या त्या काळ्या राड्याकडे येऊ. खाणीतून निघालेल्या कोळशात दगड आणि माती मिसळलेली असते. ती काढण्यासाठी कोळसा पाण्याने आणि रसायनांनी धुतात. धुतल्यावर कोळसा बाजारात जातो आणि घाण पाणी मागे राहते. ते दरीच्या तोंडाला बांध घालून साठवतात. हा बांध आपल्या पाझर तलावासारखा नव्हे. पुष्कळदा तो खाणीतल्या टाकाऊ मालाचाच रचलेला असतो.

असा बांध फुटला तर काय होते, हे त्या राज्याने पाहिलेले आहे. २६ फेब्रुवारी १९७२, शनिवारची सकाळ. बफेलो क्रीक नावाच्या ओढ्यावरचा असाच एक बांध पावसाने फुटला. काळ्या पाण्याची भिंत दरीतून खाली आली आणि एकामागून एक वस्त्या घेऊन गेली. १२५ माणसे मेली, चार हजारांवर बेघर झाली. त्याच्या चारच दिवस आधी सरकारी तपासनीसाने तो बांध समाधानकारक असल्याचा शेरा दिला होता. आणि बांध ज्यांचा होता ती कंपनी म्हणाली, ही देवाची करणी. पुढे चौकशीत आणि लोकांच्या बोलण्यातही हे वाक्य फार दिवस टोचत राहिले. देवाने पाऊस दिला हे खरे; पण बांध देवाने घातला नव्हता.

श्रोतेहो, ही आठवण ज्या मुलखात घराघरांत आहे, तिथल्या शाळेवर असे धरण होते. तेव्हा आईबापांना झोप कशी लागावी?

एड वाइली हे त्याच दरीतले गृहस्थ. कोळशाच्या विरुद्ध जन्मलेला माणूस नव्हे. त्यांनी स्वतः त्या खाणीच्या कामावर मजुरी केली होती. त्यामुळे वर काय बांधले आहे हे त्यांना ऐकून नव्हे, पाहून माहीत होते. त्यांची नात मार्श फोर्कच्या शाळेत होती. ती वरचेवर आजारी पडू लागली, शाळेतून निरोप येऊ लागले आणि आजोबा तिला घरी आणू लागले. असे बरेचदा झाल्यावर त्यांच्या मनाने घेतले, की हे बरे नव्हे. त्यांनी विचारपूस सुरू केली. अधिकारी सांगत, शाळेला धोका नाही. राज्याच्या राजधानीत, चार्ल्सटनला, ते राज्यपालांच्या दाराशी गेले. पैसा पैसा गोळा करून नव्या शाळेची मागणी करण्याची मोहीमही निघाली. मागणी साधी होती. खाण बंद करा असेही नव्हते. आमच्या मुलांना आमच्याच भागात, धोक्याच्या वाटेबाहेर, दुसरी शाळा द्या, एवढेच.

उत्तर मिळेना. तेव्हा ऑगस्ट २००६ मध्ये वाइली चार्ल्सटनहून पायी निघाले, ते वॉशिंग्टनला. अंतर ४५५ मैल. म्हणजे नागपूरहून पायी पुण्याला जाण्यासारखे. आपल्याकडे आषाढीला आळंदीहून पंढरपूरला वारी जाते, तिच्या जवळजवळ तिप्पट ही वाट. सुमारे चाळीस दिवस ते चालत होते. तिथे त्यांच्या राज्याचे वयोवृद्ध सिनेटर रॉबर्ट बर्ड यांना भेटायचे होते. बर्ड हे फार वजनदार पुढारी आणि कोळशाच्या धंद्याचे जुने पाठीराखे. सप्टेंबरात वाइली पोचले, बर्डनी त्यांना भेट दिली आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले.

इथे कोणी विचारील, बरं, पुढे काय? दुसऱ्या दिवशी शाळा मिळाली का? नाही मिळाली. गोष्टींत मिळते तशी ती मिळत नसते. वाइली परत आले आणि पुन्हा तेच काम सुरू झाले: सभा, अर्ज, खेटे. डिसेंबर २००९ मध्ये बर्ड यांनी एक जाहीर निवेदन काढले आणि कोळशाच्या धंद्याने बदलत्या काळाकडे डोळेझाक करू नये असे बजावले. जन्मभर कोळशाची बाजू घेतलेल्या माणसाने हे म्हणावे, याची त्या राज्यात पुष्कळ चर्चा झाली. एप्रिल २०१० मध्ये त्याच दरीतल्या एका भूमिगत खाणीत स्फोट होऊन २९ खाणकामगार मेले. त्याच महिन्याच्या अखेरीस नव्या शाळेला लागणारा पैसा उभा राहिल्याचे जाहीर झाले. एका धर्मादाय संस्थेने पैसा दिला, सरकारने दिला, कोळसा कंपनीनेही दिला. २०१२-१३ च्या शालेय वर्षात मुले धरणापासून काही मैल दूरच्या नव्या इमारतीत बसू लागली.

म्हणजे हिशेब मांडायचा, तर चालून आल्यानंतर सहा वर्षांनी शाळा मिळाली. जी मुले तेव्हा पहिलीत होती, ती तोवर त्या शाळेतून बाहेर पडली होती. तरी आजोबांचे चालणे फुकट गेले असे कोण म्हणेल?

त्या दरीतून बोलायला बाहेर पडलेले वाइली हे एकटेच नव्हेत. ज्यूडी बाँड्स या बाई खाणकामगाराच्या घरात वाढलेल्या. एके दिवशी त्यांचा लहान नातू घरामागच्या ओढ्यात उभा होता. त्याच्या दोन्ही मुठींत मेलेले मासे होते, आणि तो विचारीत होता, की या माशांना झाले तरी काय? त्या प्रश्नाने बाईंचे पुढचे आयुष्य ठरले. पिढ्यान्‌पिढ्यांचे घर सोडून त्यांना जावे लागले. पण त्या गप्प बसल्या नाहीत. गावोगाव, राज्योराज्यी जाऊन त्या बोलल्या. २००३ साली त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. त्यांची इच्छा होती, की डोंगरातल्या माणसांनी हजारोंनी राजधानीत जावे. २७ सप्टेंबर २०१० रोजी वॉशिंग्टनमध्ये तसा मोर्चा निघाला, आणि अध्यक्षांच्या निवासस्थानासमोर शंभराहून अधिक लोकांनी अटक करून घेतली. पुढल्या जानेवारीच्या आरंभी कर्करोगाने बाई गेल्या. त्याच महिन्यात अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने लोगन काउंटीमधल्या एका फार मोठ्या डोंगरखाणीची परवानगी रद्द केली.

दुसरे लॅरी गिब्सन. केफोर्ड नावाच्या डोंगरावर त्यांच्या वाडवडिलांची थोडी जमीन आणि घराण्याचे कब्रस्तान होते. भोवतालचा डोंगर उतरत गेला. गिब्सननी मात्र जमीन विकली नाही. ते दोन्ही कामे करीत. स्वतः गावोगाव जाऊन बोलत, आणि जो येईल त्याला डोंगरावर नेऊन कड्याशी उभे करीत. तिथे त्यांना फार बोलावे लागत नसे. २०१२ साली ते वारले, तोवर हजारो माणसांनी त्या कड्यावरून खाली पाहिले होते.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. एकांगी बोलणे रेडिओला शोभत नाही आणि शाळेलाही नाही. कोळशाने त्या मुलखात घरे चालली, पोरे शिकली. वीज आली ती कोळशाने. आपल्याकडेही चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात कोळसाच जळतो, आणि या क्षणी तुमच्या घरात दिवा लागला असेल, तर त्याच्यामागेही बहुधा कोळसाच असेल. म्हणून खाणकामगाराला शत्रू मानणे हे अन्यायाचे होईल. वाइली आणि बाँड्स यांच्यावर त्यांच्याच गावातली माणसे रागावली, ती भाकरीच्या भीतीने. पण त्या भीतीचाही हिशेब पाहा. विसाव्या शतकाच्या मध्याला वेस्ट व्हर्जिनियात खाणकामगार होते सव्वा लाखाच्या आसपास. २००६ च्या सुमारास ते वीस हजारांच्या घरात आले. माणसे गेली ती मुख्यतः यंत्रे आली म्हणून; आणि डोंगराचा माथा काढण्याच्या रीतीला तर यंत्रे फार आणि माणसे थोडी लागतात. डोंगर गेला आणि रोजगारही गेला, असे दोन्ही बाजूंनी झाले. पुढे ही रीत बरीच कमी झाली, त्यालाही एकटी चळवळ कारण नव्हे. स्वस्त नैसर्गिक वायूपुढे कोळशाला गिऱ्हाईक राहिले नाही, हेही कारण आहे. खरे ते सांगावे.

हा प्रश्न सातासमुद्रांपलीकडचाच आहे असेही नाही. आपल्या शेजारी छत्तीसगडात हसदेव नदीच्या खोऱ्यात साल-मोहाचे विस्तीर्ण अरण्य आहे. त्याच्या पोटात कोळसा आहे. तिथल्या खाणीतून राजस्थानच्या वीजकेंद्रांना कोळसा जातो, आणि पुढल्या खाणींसाठी जंगल तुटणार होते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी सरगुजा आणि कोरबा जिल्ह्यांतले सुमारे साडेतीनशे आदिवासी बंधुभगिनी पायी निघाले. तीनशे किलोमीटर चालून दहाव्या दिवशी ते रायपूरला पोचले. त्यांचे म्हणणे नेमके होते. आमच्या ग्रामसभेने संमती दिल्याचा जो ठराव कागदावर आहे, तो खोटा आहे; त्याची चौकशी करा. राज्यपालांनी त्यांना भेट दिली. आणि त्याच महिन्याच्या २१ तारखेला केंद्र सरकारने एका नव्या खाणीला वनजमिनीची अंतिम मंजुरी दिली!

म्हणून ते हरले म्हणावे का? जुलै २०२२ मध्ये छत्तीसगडच्या विधानसभेने त्या भागातल्या कोळसाखाणी रद्द कराव्यात असा एकमताचा ठराव केला. त्या लढ्यातले आलोक शुक्ला यांना २०२४ साली तोच गोल्डमन पुरस्कार मिळाला. तरीही २०२२ आणि २०२३ मध्ये जुन्या खाणीच्या विस्तारासाठी तिथे हजारो झाडे पडली. काही वाचले, काही गेले. हे असेच असते.

मग शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, या सगळ्यातून घ्यायचे काय? आमच्या मते मुख्य गोष्ट ही. ज्याचे ओढे गाडले जातात आणि जो सही करतो, ही दोन माणसे एकमेकांपासून फार दूर राहतात. मधे असतो कागद. कागदावर लिहिलेले असते, “धोका नाही”, “ग्रामसभेची संमती आहे”, “बांध समाधानकारक”. कागदाला फाइलीत बांधून ठेवता येते. पण चाळीस दिवस चालून दाराशी उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याला फाइलीत बांधता येत नाही. चालण्याचे सामर्थ्य यात आहे. ते अंतर माणूस आपल्या पायांनी मिटवतो.

पण नुसते पाय पुरत नाहीत. वाइलींचे बोलणे लोकांनी ऐकले, कारण ते मोजून बोलत. कणगी भिंतीपासून किती अंतरावर, धरण किती उंच, राडा किती, मुले किती. आणि मागणी एकच आणि पुरी करता येण्याजोगी. हसदेवच्या लोकांनीही ठरावावर बोट ठेवले. हे मोजणे शाळेत शिकवता येते. चंद्रपूर, वणी, उमरेड या भागांतल्या श्रोत्यांना उघड्या खाणी आणि मातीचे डोंगराएवढे ढिगारे परके नाहीत. तिथल्या गुरुजींनी, आणि खरे तर कोणत्याही गावच्या गुरुजींनी, मुलांना घेऊन आपल्या ओढ्याची एक वही करावी. उगम कुठे, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत वाहते, रंग कसा, मासे कोणते, विहिरीला पाणी किती हातांवर. तारीख घालून, दरसाल. ग्रामसभेत ठराव होताना मोठ्यांनी तो वाचून घ्यावा आणि नक्कल मागून घ्यावी. वेळ येईल तेव्हा बोलायला जाणाऱ्याच्या पिशवीत ही वही आणि ती नक्कल असली, म्हणजे त्याला आवाज चढवावा लागणार नाही.

आणि वेळ आली नाही, तर अधिकच चांगले. मुलांना आपला ओढा तरी कळेल. त्या दूरच्या दरीतल्या नातवाने मेलेले मासे हातात घेऊन आजीला प्रश्न विचारला होता. आपल्या मुलांनी तो प्रश्न मासे जिवंत असतानाच विचारावा, एवढीच इच्छा.